श्रद्धा आणि शील : टिळक दांपत्याच्या निमित्ताने

भिलाईच्या नकाशावर कुरुद हे आज एका वस्तीचे नाव आहे. कोहका, जामुल, सुपेला या शेजारच्या नावांप्रमाणे तेही मूळचे गावाचेच नाव. पोलादाच्या कारखान्याभोवती शहर वाढत गेले आणि गाव त्यात सामावले. या कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. त्यानंतर देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे आली, त्यांत मराठी माणसेही होती. येताना प्रत्येकाने आपली भाषा आणली, सण आणले आणि आपला देवही आणला. नागपूरकडून येणारी मराठी मंडळी ज्या लोहमार्गाने आली, त्याच मार्गावर भिलाईच्या थोडे अलीकडे राजनांदगाव लागते. हिंदी साहित्याच्या वाचकाला ते गाव गजानन माधव मुक्तिबोधांमुळे ठाऊक असते. मराठी वाचकाला ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांमुळे ठाऊक असावयास हवे. पण तसे ते असतेच असे नाही.

1893 साली टिळक नोकरीच्या शोधात नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. वय एकतीस-बत्तीस, संस्कृताचा व्यासंग, अंगी कवित्व, आणि एका जागी न टिकणारा स्वभाव. डब्यात समोर एक युरोपीय गृहस्थ बसले होते. चरित्रकार त्यांचे नाव अर्नेस्ट वॉर्ड असे देतात. बोलणे कवितेवरून निघाले आणि धर्माकडे वळले. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती ठेवली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते भाकीत हास्यास्पदच वाटले असणार. परंतु शब्द दिला होता म्हणून त्यांनी पुस्तक वाचावयास घेतले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर त्यांना ते खाली ठेववेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

हा प्रसंग अनेकदा सांगितला गेला आहे आणि बहुधा तो चमत्कारासारखा सांगितला जातो. चमत्कार म्हटले की मधल्या दोन वर्षांचा विचार करावा लागत नाही. वास्तविक खरी कसोटी त्या दोन वर्षांतच होती. नागपुरास ‘ऋषी’ नावाचे हिंदुधर्मविषयक मासिक चालविलेला हा मनुष्य मनाने दुसऱ्या तीरावर गेला होता, आणि ज्यांच्याबरोबर राहत होता त्यांना हे उघडपणे सांगण्याचे धैर्य त्याला बराच काळ झाले नाही. निनावी कविता ख्रिस्ती नियतकालिकात जात होत्या. घरी मात्र पत्नीला नवऱ्याच्या मनात काय शिजते आहे याचा पुरता थांग नव्हता. टिळकांच्या भक्तांना हे म्हटलेले आवडत नाही. तथापि श्रद्धा एका रात्रीत येऊ शकते, शील मात्र तिच्यामागून पायी चालत येते, हा अनुभव टिळकांच्याही वाट्याला आला, असे म्हटल्याने त्यांचे थोरपण उणावत नाही.

त्या श्रद्धेची किंमत प्रथम कोणी मोजली? लक्ष्मीबाईंनी. ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक या प्रश्नाचे जे उत्तर देते तसे दुसरे कोणतेही चरित्र देत नाही, म्हणूनच टिळकांविषयी बोलताना त्या पुस्तकाशेजारी ठेवता येईल असा साक्षीदार नाही. लक्ष्मीबाई ज्या घरात वाढल्या, त्या घरात वडिलांचे सोवळे इतके कडक की मीठसुद्धा धुऊन घ्यावयाचे. मीठ धुतल्यावर उरते ते काय, हे मुलीने लहानपणीच पाहून ठेवलेले होते. पण अशा घरातील मुलीला पती ख्रिस्ती झाल्याची बातमी म्हणजे सौभाग्य असूनही वैधव्य. नवरा जिवंत, मुलगा लहान, लोकांची दया पावलोपावली, आणि त्या दयेत थोडे कुतूहलही मिसळलेले. ताटातुटीच्या वर्षांत त्या काही काळ पंढरपुरास नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. या दिवसांचे वर्णन करताना त्या ना स्वतःला कुरवाळतात, ना नवऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात. उलट, स्वतःच्या रडण्याचीही त्या थट्टा करतात, आणि ती थट्टा वाचताना हसणारा वाचक मध्येच गप्प होतो.

पुढे त्या पतीकडे परत आल्या, पण हिंदू म्हणून. सोवळे त्यांचे, धर्म त्यांचा. येथे टिळकांच्या शीलाची खरी परीक्षा झाली आणि तीत ते उतरले. ज्या काळात पत्नीचे मत विचारण्याची रीत नव्हती, त्या काळात या तापट माणसाने धर्माच्या बाबतीत पत्नीवर बळजबरी केली नाही. बोलले, वाद घातले, चिडलेही असतील; पण थांबले. लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या त्या 1900 साली राहुरीस, आणि त्याही नवरा झाला म्हणून नव्हे. जातीची उतरंड देवाने रचली की माणसाने, या प्रश्नाचा त्यांनी आपल्यापुरता स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर निकाल लावला. धर्मशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथाने त्यांना तो दिला नव्हता. हा निकाल लागला तो देश छप्पनच्या दुष्काळात होरपळत असताना. विटाळाचा हिशेब ठेवीत बसण्याजोगे ते दिवस नव्हते. मोठ्या लोकांच्या नैतिक नेतृत्वाविषयी पुष्कळ लिहिले जाते. पण अनुयायी जर त्याच घरात राहणारा, दोष जाणणारा आणि नकार देण्यास समर्थ असा असेल, तर ते नेतृत्व काय वजनाचे आहे हे तेथेच कळते. टिळक दानशूर होते, हे जग म्हणते. त्या दानाने घरात उद्याचे काय होते, हे लक्ष्मीबाई सांगतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

मिशनमध्येही टिळक मुकाट्याने बसणारे नव्हते. अहमदनगरास त्यांनी शिकविले, उपदेश केला, 1912 पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन केले, पण त्यांचे सर्वांत टिकाऊ काम म्हणजे मराठी ख्रिस्ती उपासनेला त्यांनी दिलेला आवाज. परक्या चालींत कोंबलेली भाषांतरित गीते गाणाऱ्या मंडळीला त्यांनी भजन दिले, अभंग दिला, कीर्तन दिले. ज्ञानोबा-तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते मानीत. हे केवळ रचनेचे कौशल्य नव्हते. धर्म बदलला म्हणून आजोळ बदलत नाही, असा त्यात दावा होता. हा दावा दोन्ही बाजूंना गैरसोयीचा. जुन्या आप्तांना तो ढोंग वाटे, आणि गोऱ्या पाद्र्यांपैकी काहींना तो सैलपणा वाटत असे. 1917 साली त्यांनी अमेरिकन मिशनची पगारी चाकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. साठीच्या उंबरठ्यावरचा, प्रपंच असलेला मनुष्य हे करतो आणि दीड-दोन वर्षांत, 9 मे 1919 रोजी, मुंबईस मरण पावतो. दरबार रुजावयास अवकाशच मिळाला नाही. हिशेबी माणसे याला अपयश म्हणतील, म्हणोत.

ज्या प्रदेशातून ती गाडी धावत होती, त्या प्रदेशाची पुढची कथा मात्र सोपी राहिली नाही. छत्तीसगडात ऑस्कर लोर यांनी 1868 साली विश्रामपूरचे मिशन सुरू केले होते. सतनामी समाजात त्यांचे काम होते. स्वातंत्र्यानंतर, 1954 साली, मध्यप्रदेश सरकारने मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी नागपूरचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल 1956 साली आला आणि धर्मांतराविषयीच्या संशयाला त्याने सरकारी कागदाचे बळ दिले; 1968 चा मध्यप्रदेशातील कायदा त्याच वाटेवरचा. याच नियोगींनी त्याच 1956 साली नागपुरास डॉ. आंबेडकरांबरोबर बौद्ध धर्म स्वीकारला. या योगायोगाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. दुसऱ्यांच्या धर्मांतराची कायदेशीर छाननी करणाऱ्यालाही स्वतःच्या अंतःकरणाचा कौल मानावा लागतो. फक्त तो तपासण्यास समिती बसत नाही, एवढेच.

25 जुलै 2025 रोजी याच मार्गावरील दुर्ग स्थानकात दोन ख्रिस्ती धर्मभगिनींना मानवी तस्करी व धर्मांतराच्या आरोपांवरून अटक झाली. 2 ऑगस्टला बिलासपूरच्या विशेष न्यायालयाने त्यांना जामीन दिला. आरोपांचा निवाडा न्यायालयाचा. परंतु एके काळी एक ब्राह्मण कवी आणि एक परदेशी पाद्री ज्या मार्गावर समोरासमोर बसून धर्माविषयी निःशंकपणे बोलू शकले, त्याच मार्गावर सहप्रवासी कोण, कोठे आणि कशासाठी निघाला आहे हा आज जमावाचा प्रश्न होतो, हा फरक डोळ्यांआड करता येत नाही. टिळकांच्या काळी धर्मांतराने घरे फुटत, माणसे वाळीत पडत. तो काळ उदार होता असे मुळीच नव्हे. तरी वाद दोन माणसांत होई, आणि त्यांतल्या एकाला आपले मत बदलण्याची मुभा असे.

महाराष्ट्रात टिळकांची ही परंपरा अलीकडच्या काळात ज्यांनी चालविली त्यांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. वसईच्या या धर्मगुरूने ‘सुवार्ता’ मासिक चर्चच्या अंगणाबाहेर नेले, ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले, आणि वसईच्या विहिरी व बागा गिळू पाहणाऱ्यांविरुद्ध हरित वसईच्या चळवळीत ते उभे राहिले. विहिरीच्या पाण्याला धर्म नसतो. त्या चळवळीत शेजारी म्हणून सारेच आले. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादला भरलेल्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली तेव्हा पाद्र्याला हा मान कशासाठी, असा आक्षेप घेणारे निघालेच. दिब्रिटोंनी त्याला चिडून उत्तर दिले नाही. आजारी शरीराने ते संमेलनास गेले. 25 जुलै 2024 रोजी ते निवर्तले. मराठी ही आपली मायबोली आहे हे सिद्ध करण्याची पाळी, टिळकांच्या निधनाला शंभर वर्षे उलटल्यावरही, एका मराठी लेखकावर यावी, याची लाज ज्यांना वाटावयास हवी त्यांना वाटली असेल असे दिसत नाही.

1907 साली जळगावास कविसंमेलन भरले. तेथे त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या मुलाने आपल्या कवितेने सभा जिंकली आणि त्याला ‘बालकवी’ हे नाव मिळाले. टिळकांनी त्याला आपलासा केला. पुढे हा मुलगा अहमदनगरास टिळकांच्या घरी येऊन राहिला. ख्रिस्ती कुटुंबात ब्राह्मणाचा पोर राहतो, याचा बभ्रा झाल्याखेरीज राहिला नसेल. ‘स्मृतिचित्रां’त ठोमरे येतात ते लहरी, लडिवाळ, रुसणारे असे, लक्ष्मीबाई त्यांच्यावर रागावतात, त्यांना जेवावयास घालतात आणि त्यांच्या खोड्या एखाद्या घरच्या पोराच्या सांगाव्यात तशा सांगतात. धर्माचा विषय त्या पानांत जवळजवळ नाहीच.