ग्रहणाचा दोष कुणाच्या माथी?

आपल्या भागात ग्रहण लागले की घर मराठी असो वा कन्नड, गरोदर बाईच्या हातातली विळी काढून घेतली जाते. शब्दही दोन्ही भाषांत एकच. आणि मूल काही व्यंग घेऊन जन्मले तर दोषही दोन्हीकडे एकाच ठिकाणी जातो, आईच्या माथी.

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. भ्रूणाचा डोळा कसा घडतो हे सांगताना पिकल्या केळ्यावर घोंघावणाऱ्या इवल्या फळमाशीचे उदाहरण देतो. शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सगळी जनुके असतात. पण कुठे कोणते जागे व्हायचे, यावर अवयव ठरतो. १९९५ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे वॉल्टर गेहरिंग व सहकाऱ्यांनी डोळ्याचा हुकूम सोडणारे 'आयलेस' हे जनुक माशीच्या भलत्याच जागी जागे केले. तिच्या पायांवर, पंखांवर डोळे उगवले! मग उंदराचे तसेच जनुक, 'पॅक्स-६', माशीत घातले. तेव्हाही डोळा आला, पण माशीचाच. हुकूम उंदराचा, तो पाळणारी जनुके माशीची.

हेच 'पॅक्स-६' माणसातही आहे. त्याच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. एक जरी निकामी झाली तरी बुबुळाचा रंगीत पडदा नीट तयार होत नाही. माझी मामेबहीण कन्नड घरात दिलेली. तिच्या मुलाला हाच विकार आहे. उन्हात डोळे उघडवत नाहीत. सातव्या महिन्यात ग्रहणात भाजी चिरली म्हणून हे झाले, असे तिने नऊ वर्षे ऐकले. एकदा मला म्हणाली, "दादा, खरं सांग, माझ्यामुळेच का रे?"

गर्भ जेमतेम तीन आठवड्यांचा असताना डोळ्याची पहिली खूण उमटते. तेव्हा पाळी चुकल्याचे नुकते कुठे लक्षात आलेले असते. सातव्या महिन्यापर्यंत डोळ्याची बरीचशी घडण झालेली असते. जनुकातला हा बिघाड सहसा गर्भ राहतानाच आलेला असतो. कधी आईवडिलांपैकी एकाकडून, कधी दोघांतही नसताना नव्याने. विळीने तो होत नाही, सोवळे पाळून टळत नाही.

मात्र अशा मुलांना पुढे काचबिंदूचा धोका असतो, म्हणून डोळ्यांची नियमित तपासणी हवी. जनुक तपासणीही करावी, कारण शेजारचे जनुक गळालेले असल्यास लहानपणी मूत्रपिंडात गाठ होऊ शकते.

हे सारे मी तिच्या सासूबाईंना कन्नडमधून सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग सुनेकडे वळून एवढेच म्हणाल्या, "डॉक्टरांकडे केव्हा जायचं? मीही येते."