गेटपासून ओट्यापर्यंत

घर बांधून झाले, रंग लागला, दारावर नावाची पाटी चढली, की माणसाला वाटते आता सुटलो. आम्हालाही तसेच वाटले होते. लातूरच्या एका वसाहतीत २०१२ साली आम्ही घर बांधले. कर्जाचे हप्ते डोक्यावर होते, म्हणून गेटपासून ओट्यापर्यंतची बारा फूट रुंद आणि तीस फूट लांब जागा तशीच राहिली. उन्हाळ्यात मुरुमाची एक ट्रॉली टाकायची आणि पावसाळ्यात काळ्या मातीने ती गिळलेली पाहायची, असा दहा वर्षे परिपाठ होता.

२०२२ साली मुलीचे लग्न ठरले. पाहुणे चिखल तुडवत घरात येणार, ही कल्पनाच आम्हाला सहन होईना. एका मिस्त्रीने चार दिवसांत काम करून देतो म्हणून सांगितले आणि खरोखरच दिले. काळी माती सपाट केली, वर दोन इंच वाळू पसरली आणि शहाबादी फरशी मांडून सांधे सिमेंटने भरले. लग्नात सगळ्यांनी अंगणाचे कौतुक केले. आम्ही उभयता खूश होतो.

पावसाळा लागला आणि फरशी डुगडुगू लागली. एका कडेवर पाय पडला की दुसऱ्या कडेखालून गढूळ पाण्याची पिचकारी उडायची. जिथून मोटारीचे चाक जाई तिथल्या फरश्या मधोमध तडकल्या. सप्टेंबरात एका संध्याकाळी आमची माय विहारात जायला निघाली असता तीच फरशी तिच्या पायाखाली कलली. मनगट मोडले, दीड महिना प्लास्टर राहिले. हात बरा झाला, पण मायने एकटीने गेटाबाहेर पडणे सोडले. कोणी हात धरला तरच ती निघायची. नाहीतर, "आज नगं, गुडघा दुखतोय" असे म्हणायची. तिचा गुडघा दुखत नव्हता हे आम्हाला कळत होते. ती जमिनीला भीत होती.

ही गोष्ट आम्हाला फार लागली. ज्या बाईने १९७२ च्या दुष्काळात कामावर खडी फोडली, थोरल्या भावाला बाभळीच्या झोळीत टाकून उन्हात दिवसभर हातोडा चालवला, सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढले, तिला तिच्याच लेकरांच्या अंगणात चार पावले टाकायची भीती वाटावी!

तेव्हा आम्ही ठरवले की आता घाई करायची नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जाता-येता लोकांची अंगणे पाहिली, जाणत्यांना विचारले. पहिली गोष्ट कळली ती अशी की आमची चूक फरशीची नव्हतीच. शहाबादी हा कलबुर्गी भागातला थराथरांचा चुनखडीचा दगड. घट्ट बसवला तर दोन पिढ्या टिकतो. दोष खालच्या मातीचा होता. काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर जे काही बसवाल ते वर्षातून एकदा वर उचलले जाते आणि एकदा खाली बसते. दोन इंच वाळू तिला काय रोखणार?

शेजाऱ्यांनी सरळ काँक्रीट ओतले होते. ते मजबूत असते, पण दर आठ-दहा फुटांवर सांधा सोडावा लागतो आणि निदान आठवडाभर ओले ठेवावे लागते. त्यांनी दोन्ही गोष्टी टाळल्या आणि आता अंगणात नकाशातल्या नदीसारखी चीर गेली आहे. काँक्रीट एकदा तडकले की तुकडा उचलून नीट बसवता येत नाही. दुकानदार पार्किंग टाइल्स दाखवत होता. दिसायला देखण्या होत्या, पण आम्ही एकीवर तांब्याभर पाणी ओतून चप्पल घासून पाहिली आणि नको म्हटले. कोट्याची फरशी गुळगुळीत केलेली असली तर तिचेही तेच, ती घरात शोभते. डांबराचा विचार एका मेहुण्यांनी सुचवला होता; घरापुरत्या तीस फुटांसाठी कोण गाडी आणणार, म्हणून तो तिथेच संपला.

शेवटी आम्ही सिमेंटचे ब्लॉक घ्यायचे ठरवले. त्याचे कारण एकच. आमच्याकडे काळी माती साडेपाच फूट खोल आहे, ती सगळी काढणे परवडणारे नाही. म्हणजे जमीन थोडीफार हलणारच. ब्लॉक सुटे असतात. थोडी हालचाल सोसतात, आणि एखादी जागा बसलीच तर तेवढेच ब्लॉक उचलून खाली वाळू भरून परत बसवता येतात. घरच्या मोटारीला ६० मिलिमीटर जाडीचा ब्लॉक पुरतो. ५० चा फक्त पायवाटेला. भारतीय मानक १५६५८ मध्ये हलक्या वाहतुकीसाठी एम-३५ प्रतीचा ब्लॉक सांगितला आहे. दुकानदाराला हा आकडा विचारला की त्याची बोलण्याची तऱ्हा बदलते, हा आमचा अनुभव. ब्लॉक कोणत्या तारखेला ओतला तेही विचारावे. अठ्ठावीस दिवस न झालेला कच्चा माल सर्रास गाडीत चढवतात. दोन ब्लॉक एकमेकांवर आपटून पाहावेत, खणखणीत आवाज आला पाहिजे. एक फोडून पाहावा, आतली खडी हाताने निसटली तर तो माल घेऊ नये.

२०२३ च्या एप्रिलात सव्वा फूट माती काढली आणि मुरूम मागवला. तीन ब्रास सांगितला होता. आम्ही पैसे देण्याच्या बेतात असताना माय काठी टेकत बाहेर आली, ढिगाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "हे तीन बरास न्हाईत. लई झालं तर सव्वादोन." पुरवठादार हसला. म्हातारीला काय कळते, असे त्याच्या चेहऱ्यावर होते. मायने मूठभर मुरूम उचलला, त्यावर पाणी टाकायला सांगितले आणि चोळून त्याच्यापुढे धरला. चिकट गोळा झाला होता. "आन ही मातीच हाय. मुरूम असा चिकटत न्हाई."

ढीग चौरस करून फीत लावली. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. तीनशे भरायला हवे होते, दोनशेवीसही भरले नाहीत. खडीच्या कामावर मजुरी मापावर मिळायची, माय सांगत होती, आणि माप घेणाऱ्याने ढीग कमी लिहिला की दिवसभराचे कष्ट पाण्यात जायचे. म्हणून फीत कुठे धरतो, ढिगाचा पाया दाबून मोजतो की काय, हे त्या बायका डोळ्यांत तेल घालून पाहायच्या. लिहिता-वाचता येत नव्हते, पण माप डोळ्यात बसले होते. इतकी वर्षे आम्ही तिच्याकडून दुष्काळाच्या हकिकती ऐकल्या, पण तिला हे एवढे येते हे आम्हाला ठाऊक नव्हते. पुरवठादाराने तो माल परत नेला आणि दुसऱ्या खाणीचा आणला. तो मायने पास केला.

त्यानंतर सगळे काम तिच्या देखरेखीखाली झाले. ओसरीवर खुर्ची टाकून ती बसायची. मुरूम चार-चार इंचांच्या दोन थरांत, प्रत्येक थर पाणी मारून भाड्याच्या यंत्राने दाबलेला. वर चार इंच खडी आणि कच, त्यावर सव्वा इंच जाड वाळू, मग ब्लॉक. सांध्यात बारीक वाळू. दोन्ही कडांना काँक्रीटची पट्टी, नाहीतर ब्लॉक हळूहळू बाहेर सरकतात. मिस्त्री म्हणाला, पट्टी पुढच्या महिन्यात करू. आम्ही म्हटले, मग ब्लॉकही पुढच्या महिन्यात.

उताराने मात्र आम्हाला दोन रात्री झोप दिली नाही. ओट्याकडून गेटाकडे उतार द्यावा तर बाहेरच्या रस्त्यावर डांबराचे थर चढत जाऊन तो आमच्या गेटापेक्षा उंच झालेला. म्हणून आडवा उतार दिला, बारा फुटांत तीन इंच, आणि भिंतीकडेला नाली काढली. ब्लॉक घातले की पाणी आपोआप जमिनीत मुरते असे विकणारे सांगतात, ते अर्धेच खरे. सांधे धुळीने भरतात आणि खाली दाबलेला मुरूम असतो. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यालेली आम्ही माणसे; पाणी गटारात सोडायला जीव होत नाही. या अंगणावर पन्नास मिलिमीटर पाऊस पडला तर सोळाशे लिटरहून जास्त पाणी होते. नालीच्या टोकाला, घराच्या पायापासून दूर, काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खड्डा खोदून दगड-खडी भरली. मोटारीचे तेल सांडते, म्हणून हे पाणी थेट बोअरमध्ये सोडले नाही. गच्चीचे पाणी तेवढे गाळून बोअरकडे नेले.

जुन्या शहाबादी फरश्यांपैकी धडक्या निघाल्या त्या वाया घालवल्या नाहीत. भिंतीकडची तीन फुटांची पट्टी मायच्या चालण्यासाठी ठेवली. खाली काँक्रीट, वर सिमेंटचा गिलावा, आणि फरशीची खरबरीत बाजू वर. ब्लॉकच्या सांध्यात तिची काठी अडकते हे तिनेच सांगितले होते. फक्त एक जपावे लागते, त्या फरशीवर संडास धुण्याचे ॲसिड सांडू द्यायचे नाही, चुनखडीचा दगड ते खातो.

पहिला मोठा पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी माय पहाटेच उठून अंगणात गेली होती. आम्ही खिडकीतून पाहत होतो. काठीने एकेक फरशी ठोकत ती गेटापर्यंत गेली, कडी काढली, रस्त्यावर डावी-उजवीकडे पाहिले आणि परत आली. चहा घेताना म्हणाली, "गेटापाशी डाव्या हाताचा एक बिलाक हलतोय. मिस्त्रीला बोलवा." आम्ही जाऊन पाहिले. हलत होता.