मुक्या रोग्यांची शुश्रूषा

गोठ्यातील गाय आजारी पडली, तर ते घरातील लहान मुलासही कळते. ती वैरणीला तोंड लावीत नाही, रवंथ थांबविते, खाली मान घालून उभी राहते. मालक तिच्या कानांना हात लावून ताप पाहतो आणि पाठीवरून हात फिरवीत तिला धीर देतो. संगमनेर तालुक्यात पुष्कळ घरी दुभती जनावरे आहेत. तेव्हा ही परीक्षा तेथील मुलांना मुद्दाम शिकवावी लागत नाही. परंतु त्याच मुलांपैकी एखाद्याच्या घरी काचेच्या टाकीत चार गोल्डफिश किंवा दहा-बारा गप्पी मासे असले आणि त्यांतील एकाला काही झाले, तर मात्र सारे घर गोंधळून जाते. माशाला हंबरता येत नाही. त्याच्या पाठीवर हात ठेवावयाची सोय नाही. त्याचा ताप पाहणे तर व्यर्थच. कारण भोवतालचे पाणी जितके गार अथवा ऊन, जवळजवळ तितकेच त्याचे अंग!

तथापि, जो रोज थोडा वेळ टाकीपुढे स्वस्थ बसतो, त्याला माशांच्या खुणा हळूहळू उमगू लागतात. निरोगी मासा पर पसरून फिरतो. काचेवर माणसाची सावली पडली, की खाणे मिळेल या आशेने पुढे धावतो. आजारी मासा पर अंगाशी मिटून कोपऱ्यात उभा राहतो. तो खड्यांवर अंग घाशीत असेल, तर त्याच्या त्वचेला काहीतरी चिकटले आहे असे समजावे. पृष्ठभागाशी येऊन तो सारखी तोंडाची उघडझाप करीत असेल, तर पाण्यात प्राणवायू कमी पडला आहे किंवा त्याच्या कल्ल्यांना इजा झाली आहे. आणखी एक गोष्ट वैद्याने पहिल्यांदा पाहावी. एकच मासा मलूल असेल, तर रोग त्या माशात शोधावा. सगळेच एकाएकी मलूल झाले असतील, तर तो पाण्यात शोधावा.

आणि बहुधा तो पाण्यातच सापडतो. मासा ज्या पाण्यात श्वास घेतो, त्याच पाण्यात त्याच्या शरीरातील अमोनिया हे विष बाहेर पडत असते. प्रवरेच्या वाहत्या प्रवाहात ते विरून जाते. टाकीतून ते जाणार कोठे? पाणी आरशासारखे स्वच्छ दिसते आणि तरीही त्यात मासे तळमळत असतात. निसर्गाने यावर एक योजना केलेली आहे. खड्यांवर आणि गाळणीच्या स्पंजात काही उपयोगी जिवाणू वस्ती करतात. त्यांतील काही अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच, परंतु दुसरे जिवाणू त्याचे पुष्कळ सौम्य असे नायट्रेट करून टाकतात. ही वस्ती वसावयास महिना-दीड महिना लागतो. म्हणून नव्या टाकीत पहिल्याच दिवशी डझनभर मासे सोडणाऱ्याच्या पदरी निराशाच येते.

अशा वेळी घरातील मुलगा दुकानाकडे धाव घेतो आणि निळ्या औषधाची बाटली आणतो. वडीलधारी मंडळी टाकी रिकामी करून खडे घासतात, स्पंज नळाखाली खळखळून धुतात आणि ताजे पाणी भरतात. दोघांचाही हेतू चांगला असतो. पण नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्या उपयोगी जिवाणूंना मारतो आणि माशांच्या कल्ल्यांनाही झोंबतो. निळे औषधही त्या जिवाणूंना बाधक ठरू शकते. त्यापेक्षा एक चतुर्थांश पाणी काढावे, उघड्या बादलीत एक दिवस ठेवलेले पाणी त्या जागी घालावे आणि स्पंज काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळावा. अमोनिया तपासण्याचे थेंब बाजारात मिळतात. ते औषधाच्या बाटलीआधी विकत घ्यावेत.

पौष महिन्यात संगमनेरची रात्र चांगलीच गारठते. टाकीतील पाणी एकाएकी थंड झाले, की माशांची प्रतिकारशक्ती उणावते, आणि एके सकाळी त्यांच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसू लागतात. हा रोग जगभर माहीत आहे. तो एका एकपेशीय जीवामुळे होतो. फुके या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७६ मध्ये त्याचे वर्णन केले. त्याचे शास्त्रीय नाव इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस. नाव जिभेला जड खरे, पण त्याचा अर्थ मोठा गमतीचा आहे : पुष्कळ लेकरांची मत्स्य-ऊ! ही ‘ऊ’ माशाच्या त्वचेखाली शिरून पोसते. तेथे तिला कोणतेही औषध सहसा पोहोचत नाही. पोट भरले, की ती गळून तळाशी जाते, स्वतःभोवती कोष करते आणि त्या कोषात तिची शेकडो पिल्ले होतात. ती पिल्ले पोहत मासा शोधू लागतात. दोनेक दिवसांत मासा मिळाला नाही, तर ती मरतात. औषधाची खरी मात्रा चालते ती याच अवस्थेत.

हे ज्याला ठाऊक नसते, तो हमखास फसतो. औषध घातल्यावर चार दिवसांत ठिपके नाहीसे होतात. घरात आनंद होतो, औषध बंद होते. वस्तुतः त्या वेळी ठिपके बरे झालेले नसतात. ते तळाशी जाऊन लेकुरवाळे होत असतात. आठवडाभरात मासा पुन्हा पांढरा होतो, आणि या वेळी पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक. म्हणून उपाय निदान दोन आठवडे चालू ठेवावा. साधे खडेमीठ, दर लिटरला दोन-तीन ग्रॅम, वेगळ्या भांड्यात विरघळवून एक-दोन दिवसांत थोडेथोडे घालावे. पाणवनस्पतींना मात्र मीठ सोसत नाही. उष्ण प्रदेशातील मासे असतील, तर पाणी रोज एक-दोन अंशांनी तापवीत २८ ते ३० अंशांपर्यंत न्यावे. गोल्डफिशला एवढी ऊब मानवत नाही. कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून हवेचा पंप चालूच ठेवावा.

अंगावर कापसासारखे पुंजके दिसले तर ती बुरशी, परांच्या कडा झिजू लागल्या तर बहुधा जिवाणूंचा रोग. दोन्हींत पाणी स्वच्छ राखणे हा निम्मा उपचार होय. पण पोट फुगून अंगावरचे खवले अननसाच्या सालीसारखे उभे राहिले, तर माशाच्या आतील इंद्रिये थकलेली असतात. अशा दुखण्यातून फार थोडे मासे उठतात, आणि घरातील लहानग्यांना ते खरे सांगितलेले बरे.

तेव्हा एखाद्या कनवाळू मुलाच्या मनात येते, की या बिचाऱ्याला नदीत सोडून द्यावे. म्हाळुंगी जेथे प्रवरेला मिळते, तेथे पाणी आहे, मोकळीक आहे. पण त्याच पाण्यात मरळ आणि इतर मासे राहतात, आणि त्यांवर उपजीविका करणारी माणसेही असतात. माशांच्या अंगाला जखमा पाडणारा एक रोग १९७१ मध्ये जपानात आढळला. तो देशामागून देश ओलांडीत १९८८ मध्ये ईशान्य भारतात पोहोचला, आणि मरळीसारखे मासे अंगभर क्षते घेऊन तळ्यांत मरू लागले. आजारी मासा नदीत सोडणे म्हणजे त्याच्याबरोबर रोगही सोडणे होय. मेलेला मासा मातीत पुरावा. टाकीतील साधे पाणी अंगणातील झाडांना फार मानवते. मीठ किंवा औषध घातलेले मात्र मोरीत ओतावे.

बाजारातून नवा मासा आणला, की त्याला लगेच इतरांच्या संगतीत सोडावे असे मुलांना वाटते. त्याला दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत किंवा मोठ्या बादलीत ठेवावे आणि रोज न्याहाळावे. मुलांना हे तीन आठवडे फार लांब वाटतात. त्या बादलीतील जाळी मूळच्या टाकीत बुडवू नये. ओल्या जाळीवरील एका थेंबातूनही ती लेकुरवाळी ‘ऊ’ पलीकडे जाऊन पोहोचते.