मागच्या खोलीपर्यंत



दशलक्षण पर्व संपलं, पारणी झाली, आता कुठे निवांत लिहायला बसले आहे. या वेळी उपवासाचं नाही, पारण्याच्या पदार्थांचंही नाही. वाय-फायचं लिहिणार आहे. हसू नका. या दहा दिवसांत आमच्या घरात सगळ्यात जास्त बोलणं त्यावरच झालं, आणि थोडं रडणंही.

आमचं घर जुन्या जालन्यातलं. पुढचा भाग पंधरा वर्षांपूर्वी पाडून स्लॅबचा केला, मागचा तसाच राहिला. दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, तुळयांवर मातीचं माळवद. उन्हाळ्यात तिथे पंखाही लागत नाही. त्या भागातली शेवटची खोली आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची. लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्यांची तीच.

चैत्रात त्या न्हाणीघरात घसरल्या आणि खुबा मोडला. संभाजीनगरला नेऊन ऑपरेशन केलं. आता वॉकर धरून खोलीतल्या खोलीत फिरतात, पण मंदिराच्या पायऱ्या काही चढवत नाहीत. पर्वात दहा दिवस रोज तत्त्वार्थसूत्राचा एकेक अध्याय, असं आपल्याकडे चालतं. इतक्या वर्षांत त्यांचा एकही अध्याय चुकलेला नव्हता. मंदिरातली मुलं आता अभिषेक, शांतिधारा आणि प्रवचन मोबाईलवर थेट दाखवतात, म्हणून मी त्यांना म्हटलं, "आत्याबाई, घरबसल्या ऐका."

उत्तम क्षमेच्या दिवशी पहाटेच त्यांची आंघोळ उरकली. धुतलेलं लुगडं नेसून, पुढे पाटावर मोबाईल उभा करून हात जोडून बसल्या. अभिषेक सुरू झाला आणि कलश हातात धरलेले श्रावक जागच्या जागी थांबले. मधोमध ते गोल चक्र फिरायला लागलं. मिनिटभराने चार शब्द ऐकू आले, पुन्हा चक्र. मी स्वयंपाकघरातून तीनदा येऊन मोबाईल हलवून गेले. तासाभराने त्यांनी स्वतःच तो पालथा घातला आणि जपाची माळ घेतली. बोलल्या काहीच नाहीत.

दुपारी शेजारच्या काकू आल्या होत्या. मी चहा घेऊन जात होते, दाराशी ऐकलं. आत्याबाई म्हणत होत्या, "म्हाताऱ्या माणसाची खोली. तिथपर्यंत काय पोचणार?"

कप हातात तसाच राहिला. कारण दवाखान्यातून घरी आणायच्या आदल्या दिवशी हे म्हणाले होते, आईला पुढची खोली देऊ, उजेड आहे, संडासही जवळ पडेल. पुढच्या खोलीत चिरंजीवांचा नीटचा अभ्यास चालतो. मी म्हटलं, "बघू." आत्याबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मला माझीच खोली बरी." आणि मी त्यांचं म्हणणं लगेच मानलं. फारच लगेच.

रात्री मी चिरंजीवांना कामाला लावलं. त्याने मोबाईलवर सिग्नल मोजायचं एक ॲप घेतलं. हे आकडे उण्यात येतात, शून्याच्या जितके जवळ तितके चांगले. राउटर पुढच्या बैठकीत, कारण खांबावरची तार त्या बाजूने येते. बसवणाऱ्याने दाराशेजारीच खिळा ठोकला होता. बैठकीत आकडा आला उणे ५२. आत्याबाईंच्या पलंगावर उणे ८२. मला वाटलं, तीसचाच तर फरक. तो म्हणाला, "मम्मी, दर दहाला शक्ती दहा पटीने घटते. तीस म्हणजे हजार पटीने कमी." व्हिडिओ न अडकता चालायचा तर उणे ६७च्या आसपास तरी हवा म्हणे.

मग आम्ही दोघं बैठकीपासून मागच्या खोलीपर्यंत मोबाईल समोर धरून चालत गेलो, मुनिमहाराज चार हात जमीन बघून चालतात तसे. सिग्नल कुठे मरतो ते पायरीपायरीने दिसलं. पहिला दणका स्वयंपाकघराच्या भिंतीला, जिथे माझी मांडणी आहे. डबे, ताटं, परातींनी गच्च भरलेली स्टीलची मांडणी! धातूवरून या लहरी मागे उलटतात. पुढे आत्याबाईंच्या भिंतीला लागून लोखंडी कपाट, त्याला आरसा, आणि सगळ्यांत शेवटी ती दोन फुटी भिंत. आपलं जालना सळयांच्या कारखान्यांचं गाव, पण घरातल्या घरात पोलाद असं आडवं येईल असं कधी वाटलं नव्हतं.

राउटर टीव्हीमागून काढून माळ्याच्या उंचीवर, मोकळ्यावर लावला. कपाट दुसऱ्या भिंतीला सरकवलं. आणखी एक गोष्ट कळली. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो. पाच गिगाहर्ट्झची लहर पाच-सहा सेंटिमीटरची, वेग जास्त पण भिंतीला लवकर हरते. २.४ची लहर साधारण बारा सेंटिमीटरची, वेग कमी पण भिंतीतून बरी जाते. दोन्हींना एकच नाव दिलेलं असलं तर मोबाईल कधीकधी चुकीची धरून बसतो. आम्ही नावं वेगळी केली आणि आत्याबाईंचा मोबाईल २.४वर ठेवला. या सगळ्याने आकडा उणे ७४वर आला. प्रवचन ऐकू यायला लागलं, पण महाराजांचे ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. तिसरा अध्याय असा गेला.

चौथ्या दिवशी यांनी बाजारातून रिपीटर आणला. सिग्नल पुढे ढकलणारी डबी असते ना, ती. मी हौसेने आत्याबाईंच्या पलंगाशेजारच्या प्लगात लावली. मोबाईलवर सगळ्या रेघा भरल्या, चित्र मात्र होतं तिथेच! तुम्हीही ही चूक कराल म्हणून सांगते. ती डबी जे ऐकते तेच पुढे सांगते. तिलाच नीट ऐकू येत नसेल तर ती काय सांगणार? ती खोलीत नव्हे, वाटेत लावायची, जिथे सिग्नल अजून बरा आहे तिथे. तशी लावल्यावर थोडा फरक पडला. पण साध्या डब्या एकाच पट्टीवर ऐकतात आणि बोलतात, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. दुसऱ्या दिवशी परत केली.

मग ओळखीच्या वायरमनला बोलावलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत केबल ओढा आणि तिथे दुसरा राउटर लावा. केबलमध्ये शंभर मीटरपर्यंत काही अडत नाही, आपल्याला वीसच मीटर लागणार. त्याने ड्रिल काढलं आणि भिंतीवर खूण केली.

"थांब," आत्याबाई पलंगावरून म्हणाल्या. "ती मातीची भिंत आहे. आत मुंग्या आहेत, वाळवी आहे, काय काय आहे. पर्वात माझ्यासाठी भोकं पाडू नका."

मी म्हटलं, "आत्याबाई, मग केबल कुठून आणायची?"

"रेडिओची तार जिथनं आणली होती तिथनं आणा की."

आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. मामंजींनी नवा रेडिओ आणला तेव्हा माळवदावर बांबूला तांब्याची जाळी बांधली होती आणि तिची तार उजेडाच्या झरोक्यातून आत सोडली होती. त्याशिवाय त्या खोलीत खरखरच यायची. झरोका अजून आहे, फक्त वरून फरशी ठेवून झाकलेला. चिरंजीव वर चढला. फरशीखाली रंगानं झाकलेला तो जुना खिळासुद्धा सापडला! आत्याबाई खालून सांगत होत्या, "डावीकडं घे, पन्हाळीपासून लांब ठेव, पाणी झिरपतं." त्या घराच्या कोपऱ्याकोपऱ्याचं त्यांना माहीत आहे आणि आम्ही त्यांना विचारत नव्हतो.

केबल उन्हात तडकू नये म्हणून पाइपातून आणली. दुसरा राउटर विकत घ्यावा लागला नाही. माळ्यावर आमचा जुना पडून होता. त्याचं पत्ते वाटण्याचं काम सेटिंगमध्ये जाऊन बंद करायचं, ते पुढचा राउटर करतोच, आणि केबल लॅनच्या खाचेत लावायची. हे विसरलात तर दोघं भांडतात आणि कुणालाच नेट मिळत नाही. दोघांचे चॅनलही वेगळे ठेवले, एकाचा १ आणि दुसऱ्याचा ११. केबलला चारशे आणि वायरमनला तीनशे, एवढाच खर्च. आकडा उणे ४५.

त्या दिवशी सुगंध दशमी होती. मंदिरातला धूप आत्याबाईंनी मोबाईलवर पाहिला, एकदाही न अडकता. "वास तेवढा येत नाही," म्हणाल्या. मी आपल्या देव्हाऱ्यातला धूप खोलीत आणून ठेवला. मोबाईलवर ऐकलेल्या प्रवचनाचं पुण्य किती, हे मला विचारू नका, महाराजांना विचारा. सहावा अध्याय त्यांनी ओळीने माझ्याकडून परत म्हणवून घेतला, एवढं सांगू शकते.

क्षमावाणीला मी त्यांच्या पायाशी बसले. दरवर्षी ठरलेले शब्द म्हणतो तसे म्हटले, आणि मग दवाखान्याच्या वेळचं "बघू"ही सांगितलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. म्हणाल्या, "मला तेव्हाच कळलं होतं. पण तू विचारलंस, तर मी काय म्हणणार होते?" मग माझा हात धरून त्यांनीही क्षमा मागितली, काकूंपाशी बोलल्याची. काकूंना त्यांनी सांगितलंय की आता पोचतं.

पुढच्या खोलीचं मी पुन्हा विचारलं. अजून उत्तर दिलेलं नाही. दरम्यान चिरंजीवांनी आपली पुस्तकं उचलून आजीच्या खोलीत मुक्काम ठोकला आहे, कारण घरातला सगळ्यात चांगला सिग्नल आता तिथे आहे. रात्री दहा वाजले की आत्याबाई वॉकर घेऊन उठतात, त्याच्या हातातलं पेन काढून घेतात आणि राउटरचं बटन स्वतः बंद करतात.