ठोका

मोटारीच्या एंजिनातून नवा आवाज येऊ लागला की मालकाला सल्लागारांची उणीव भासत नाही. माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनीतून पावसाळ्यानंतर 'टक् टक्' असा ठोका ऐकू येऊ लागला, तेव्हा शेजारच्या वकिलांनी पेट्रोलला दोष दिला. मेहुण्याने गाडी भंगारात काढायचा मुहूर्तच सांगितला. एका मोठ्या गॅरेजात तर बॉनेट न उघडताच निकाल मिळाला, "बेअरिंग गेलंय, एंजिन खोलावं लागेल." खर्चाचा आकडा ऐकून मेहुण्याचे म्हणणे मलाही पटू लागले. पण गाडी वडिलांनी १९७८ साली घेतलेली. ती कुणी तोडायला नेताना मी दारात उभा राहू शकलो नसतो.

पेट्रोलला दोष देणे अगदीच निराधार नाही म्हणा! चढणीवर एंजिनावर ओझे पडले की कधी कधी सिलिंडरातले सारे मिश्रण ठिणगीने पेटलेल्या ज्वाळेची वाट पाहत नाही. कडेला उरलेला भाग आपण होऊन भडकतो आणि डब्यात खडे हलवल्यासारखा खडखडाट होतो. यावर १९२१ साली अमेरिकेत टॉमस मिजली यांनी उतारा शोधला : पेट्रोलात शिशाचे संयुग मिसळायचे. खडखडाट थांबला, पण शिसे धुरातून माणसांच्या रक्तात गेले. आपल्याकडे ते पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडले. दुखणे न विचारता नुसते कण्हणे थांबवणाऱ्या औषधांविषयी माझे मत हे वाचल्यापासून फारसे चांगले नाही.

शेवटी गाडी कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या मिस्त्रींकडे नेली. मिस्त्री सत्तरीला टेकलेले. आयुष्य लेथच्या आणि हातोड्यांच्या गोंगाटात गेल्याने त्यांना आता कमी ऐकू येते. "आवाज दाखवायला बहिऱ्याकडे निघालात?" म्हणून मेहुणा हसला होता.

मिस्त्रींनी आधी विचारले, "मास्तर, चढालाच वाजतंय का उभ्या गाडीलाबी?"

"उभ्या गाडीलाही."

"मग पेट्रोलचं न्हवं."

एंजिन चालू ठेवून त्यांनी एकेका प्लगची वायर काढून पाहिली. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग सैल असेल, तर त्या सिलिंडरातला स्फोट थांबताच ठोका मऊ पडतो. चारांपैकी एकाही वायरीने फरक पडला नाही. मग मडगार्डवर तळवा टेकून ते बराच वेळ बोटाने ताल धरत राहिले. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकच ठोका पडत होता. म्हणजे चोर कॅमशाफ्टच्या बाजूचा. कॅमशाफ्ट निम्म्या गतीने फिरतो, हे मी पुस्तकात वाचले होते. तळव्याने मोजता येते, हे नव्हते वाचले.

त्यानंतर त्यांनी एक लांब स्क्रूड्रायव्हर घेतला. टोक एंजिनावर आणि मूठ चक्क दातांत! हाडांमधूनही आवाज आत पोचतो. डोळे मिटून ते टोक वीत वीत सरकवत गेले, आणि पेट्रोल पंपापाशी थांबले. पंपाच्या दांडीची स्प्रिंग मोडली होती. कॅम फिरला की सैल दांडी त्यावर आपटे. एवढ्यासाठी मी मोटार विकायला निघालो होतो!

पंप बदलला. ठोका गेला. मिस्त्री हात पुसू लागले, तेवढ्यात त्यांचा नातू म्हणाला, "आजा, अजून बारीक टिकटिक हाय."

मिस्त्रींनी पुन्हा मूठ दातांत धरली, मान हलवली आणि माझ्याकडे पाहिले. "हाय का हो मास्तर?"

मी कान दिला. होती, अगदी बारीक, पण होती. मी हो म्हटले.

मिस्त्री क्षणभर काही बोलले नाहीत. मग स्क्रूड्रायव्हर पुसून त्यांनी नातवाच्या हातात दिला. "टॅपेट सैल असंल. गाडी गार झाली की तूच लाव."