बांधाबांध

महाड-पोलादपूरकडच्या माणसाला बांधाबांध शिकवावी लागत नाही. चाकरमानी गणपती आटोपून मुंबईला परतायचा असला, की घरातली म्हातारी आदल्या रात्रीपासूनच गाठोडी बांधायला बसते. तांदूळ, कुळीथ, आमसुले, पापड, सुकट. एवढे देऊनही तिचे समाधान होत नाही. तांदूळ घरचा असला तरी मुंबईचे पाणी वेगळे, शेगडी वेगळी, भांडे वेगळे. मग भाताला घरची चव यावी कशी? शक्य असते तर तिने चूल आणि विहीरही गाठोड्यात बांधून दिली असती!

म्हातारीची ही चिंता संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांनाही वर्षानुवर्षे छळीत आली आहे, हे मला माझ्या भाच्यामुळे कळले. तो पोलादपूरच्या घरी माडीवर बसून शाळांसाठी वेबवरचे प्रोग्राम लिहितो. हजेरी, गुण, शाळा सोडल्याचे दाखले अशी कामे त्यांवर चालतात. पण त्याच्या टेबलावर झकास चालणारा प्रोग्राम सर्व्हरवर नेऊन ठेवला, की हटून बसे. सर्व्हर म्हणजे काही अजब प्रकरण नव्हे. रात्रंदिवस जागा राहून, कोणी काही मागितले की शोधून देणारा तो एक संगणकच. मात्र त्याच्यावरच्या भाषेची आवृत्ती जुनी असायची, एखादी लायब्ररी मुळात नसायचीच, एखादी फाईल भलत्याच जागी असायची. "मामा, माझ्याकडे तर चालतोय हो!" असे भाचा डोके धरून म्हणे. घरी घडाघडा कविता म्हणणारे पोर साहेब तपासणीला आले की मुके होते, ते आम्हां मास्तरांच्या चांगलेच परिचयाचे आहे.

यावर तोड सापडली ती बंदराच्या धंद्यात. पूर्वी जहाजावर माल चढे तो पोते पोते, पिंप पिंप, हमालांच्या पाठीवरून. माल्कम मॅक्लीन नावाच्या अमेरिकन ट्रकवाल्याने २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' या जहाजावर मालाने भरलेल्या ५८ पेट्या चढवल्या आणि नेवार्कहून ह्यूस्टनला धाडल्या. पुढे पेट्यांची मापे ठरून गेली आणि पेटीत काय आहे, हे क्रेनने विचारण्याचे कारणच उरले नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यात न्हावाशेव्याला १९८९ साली सुरू झालेल्या बंदरात या पेट्यांच्या चळती आजही पाहायला मिळतात. २०१३ साली 'डॉकर' नावाचे साधन आले आणि त्याने हीच युक्ती प्रोग्रामला लावली. तिथेही पेटीला कंटेनरच म्हणतात.

पेटी भरायची रीत पाककृतीसारखी आहे. भाचा एका साध्या फाईलीत ओळी लिहितो: अमुक पायावर सुरुवात कर, या लायब्ऱ्या घाल, माझ्या फाईली ठेव, शेवटी ही आज्ञा देऊन प्रोग्राम सुरू कर. त्यावरून 'इमेज' तयार होते. तिला मोदकाचा साचा म्हणा. त्यातून एक काढा की दहा, मोदक सारे सारखेच. इमेज थराथरांची असते. क्वचित बदलणारे थर खाली, वरचेवर बदलणारे वर. म्हणजे भिंतीला रंग देण्यासाठी जोते उकरावे लागत नाही. चूल-भांडी अशी सगळी पेटीत येतात. विहीर तेवढी, म्हणजे संगणकाचा अगदी आतला गाभा, सर्व्हरचीच वापरायची. आणि एक पथ्य कडक: पासवर्ड इमेजमध्ये कोंबायचे नाहीत, सुरू करतेवेळी बाहेरून द्यायचे. ट्रंकेची किल्ली काही कोणी ट्रंकेवर बांधून पाठवीत नाही. ती कनवटीला असते.

नवी आवृत्ती चढवायची तीही बेताने. २०२३ च्या गणपतीत कशेडीच्या बोगद्याची एक बाजू खुली झाली, ती आधी हलक्या वाहनांसाठी. जुना घाट कोणी मोडून टाकला नव्हता. भाचाही नवी पेटी जुनीच्या शेजारी उभी करतो, थोडी ये-जा तिच्यातून सोडून पाहतो, आणि काही बिनसले तर सगळ्यांना मुकाट्याने जुन्या वाटेला लावतो.

पण पेटीत जे भरता येत नाही, त्याची ओळख आम्हांला २२ जुलै २०२१ रोजी झाली. त्या दिवशी महाडात पुराचे पाणी घराघरांत शिरले. एका शिक्षणसंस्थेचा प्रोग्राम तिच्या कचेरीतल्याच संगणकावर चालत होता. संगणक बुडाला, रजिस्टरांचा लगदा झाला. दहावीचा निकाल लागून आठवडाही झाला नव्हता. अकरावीसाठी पोरांना दाखले हवे होते. भाच्याने दुसऱ्या शहरातल्या सर्व्हरवर तीच इमेज घेतली आणि चहा होईस्तोवर प्रोग्राम उभा केला. पडदा जसाच्या तसा, पण आत एका मुलाचे नाव नाही! कंटेनर टाकून दिला की त्यात लिहिलेलेही त्याच्याबरोबर जाते, म्हणून माहिती नेहमी बाहेर वेगळ्या जागी ठेवतात. इथेही ती तशी ठेवली होती. पण ती जागा त्याच बुडालेल्या डिस्कवर, आणि तिची प्रत त्याच टेबलाच्या खणात.

एका लिपिकबाईंनी मार्चमध्ये घरच्या लॅपटॉपवर प्रत उतरवून घेतली होती. घर उंचावर होते, म्हणून ती वाचली. पुढच्या महिन्यांचे आम्ही पालकांनी उन्हात वाळवलेली कागदपत्रे पाहून रात्री जागून भरले. आता रोज रात्री एक प्रत दूरच्या शहरात जाते, आणि दर महिन्याला भाचा ती कोऱ्या संगणकावर उघडून पाहतो. न उघडलेल्या प्रतीवर त्याचा विश्वास नाही.

ऑगस्टमध्ये दाखले वाटले. पोरांनी कागद हातात घेऊन आधी आपले नाव वाचले, मग आडनाव, मग जन्मतारीख, आणि जपून घडी घातली. प्रोग्राम कोणत्या पेटीतून आला, हे कोणीच विचारले नाही. क्रेनही विचारीत नाही.