फाइल पुढे कोण उघडणार?

कोणतं सॉफ्टवेअर घेऊ, असं गणिताचे शिक्षक विचारतात तेव्हा मी उलट विचारतो, ‘सर, तुमच्यानंतर फाइल कोण उघडणार?’ मराठी माध्यमाच्या प्रश्नपत्रिका आणि गणिताची पुस्तकं लावणं हे माझं काम. त्यात सगळं या एका उत्तरावर ठरतं.

नुसतं देखणेपण हवं असेल तर लाटेकला तोड नाही. त्याच्या पोटात टेक हे अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर आहे. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी १९७७ मध्ये ते करायला घेतलं, तेही स्वतःच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं पाहून वैतागले म्हणून! साधं वजाचं चिन्ह घ्या. ‘सातातून पाच वजा’ लिहिताना त्याच्या दोन्ही बाजूंना जरा मोकळी जागा लागते. ‘उणे पाच’ लिहिताना तेच पाचाला खेटून बसायला हवं. टेक आजूबाजूला काय आहे ते पाहून हे आपलं आपण करतं. हाताने टाइप केलेल्या प्रश्नपत्रिकेत मात्र वजाच्या जागी सर्रास आखूड हायफन दिसतो आणि झेरॉक्समध्ये तोही पुसट होतो.

पण सूत्रात मराठी शब्द आला की लाटेकवाल्याची परीक्षा. ‘क्षेत्रफळ = लांबी × रुंदी’ हे सरळ गणिताच्या चिन्हांमध्ये टाकलं, तर पीडीएफमध्ये शब्द गायब आणि ‘बरोबर’, ‘गुणिले’ तेवढे शिल्लक. ते शब्द मजकूर म्हणून वेगळे सांगावे लागतात, शिवाय देवनागरी फाँट चालवणारं झीलाटेक घ्यावं लागतं. एवढं शाळेतल्या कोणाकडून करून घेणार?

शाळेत वर्ड असतं. ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह दाबलं की समीकरणाची चौकट उघडते. तिरकी रेघ देऊन स्पेस मारली की अपूर्णांक उभा राहतो. गेल्या वर्षीच्या पेपरातले आकडे बदलून यंदाचा पेपर काढणाऱ्याला (आणि कोण काढत नाही?) एवढं पुरतं. वर्डमधलं आधीचं इक्वेशन एडिटर सुरक्षेच्या कारणावरून जानेवारी २०१८ मध्ये काढून टाकलं गेलं, तेव्हा जुन्या फाइलींतली समीकरणं दिसत होती, पण वर्डमध्ये दुरुस्त होईनात. मॅथटाइप हे समीकरणांचं वेगळं सॉफ्टवेअर असलेल्यांचं निभावलं.

सगळ्यात वाईट म्हणजे समीकरणाचा फोटो चिकटवणं. अक्षर बारावरून चौदा पॉइंट केलं की मजकूर वाढतो, फोटो तेवढाच राहतो. अशी फाइल आली की मी ती समीकरणं मुकाट्याने पुन्हा टाइप करतो. त्याचे पैसे वेगळे लावतो.